चरणजित सिंग, दहा राग आणि एक फसलेलं जपानी मशीन

'अ‍ॅसिड हाऊस नावाचं डान्स म्युझिक अमेरिकेत नाही, आपल्या मुंबईत जन्मलं' हा दावा दर थोड्या दिवसांनी कुठून ना कुठून फिरत येतो आणि लगेच दोन तट पडतात. एक गट म्हणतो बघा, सगळं आधी आपल्याकडेच झालेलं असतं. दुसरा म्हणतो काहीही फेकतात लोक. आणि या भांडणात ज्यांच्याबद्दल बोलणं चाललंय ते चरणजित सिंग आणि त्यांची १९८२ सालची रेकॉर्ड बाजूलाच राहतात, भांडणाऱ्यातल्या बऱ्याच जणांनी ती ऐकलेलीही नसते. मला ती रेकॉर्ड फार जवळची आहे, त्यामुळे हा गुंता एकदा पहिल्यापासून सोडवून सांगावा असं कधीचं मनात होतं. संगीतातलं किंवा मशीनमधलं काही कळत नसलं तरी चालेल, लागेल तेवढं जाता जाता सांगतो.

आधी, हे गृहस्थ कोण?

चरणजित सिंग मुंबईत हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात वाजवायचे. साठच्या दशकापासून ऐंशीच्या दशकापर्यंत. गिटार, बेस गिटार, कीबोर्ड, काम पडेल ते. शंकर-जयकिशन, एस. डी. बर्मन, आर. डी. बर्मन, लक्ष्मीकांत-प्यारेलाल, सगळ्यांकडे त्यांनी वाजवलंय. १९७१ च्या 'दम मारो दम' मध्ये ट्रान्झिकॉर्ड वाजतो ना, म्हणजे दिसायला अकॉर्डियन पण विजेवर चालणारं वाद्य, ते चरणजित सिंगच. गाणं सगळ्यांना पाठ आहे, वाजवणाऱ्याचं नाव मात्र शंभरातल्या दोघांनाही माहीत नसेल.

त्याला कारण आहे. त्या काळात गाणं रेकॉर्ड करायचं म्हणजे गायक आणि सगळे वादक एकाच वेळी एकाच स्टुडिओत, मोठं गाणं असेल तर पन्नास-पन्नास जण, आणि एकाचा जरी सूर हलला तरी सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून. ताडदेवचं फिल्म सेंटर, महालक्ष्मीचं फेमस, वांद्र्याचं मेहबूब, अशा ठिकाणी हे चालायचं. गोव्याहून आलेले सेबास्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारखे अरेंजर नोटेशन लिहायचे, वादक ते समोर ठेवून वाजवायचे, दिवसाचे पैसे घ्यायचे आणि दुसऱ्या सिटिंगला पळायचे. रेकॉर्डच्या कव्हरवर त्यांची नावं नसायची. म्हणजे वीसेक वर्षं रोज नवी चाल, नवी स्टाइल, कधी रॉक, कधी लॅटिन, कधी शुद्ध रागदारी, आणि सगळं लगेच, पहिल्या-दुसऱ्या टेकमध्ये. ही तालीम लक्षात ठेवा, पुढे तिचाच संबंध येणार आहे.

आणखी एक. या वादकांमध्ये नवीन वाद्यांची भूक जबरदस्त होती. केरसी लॉर्ड यांनी सत्तरच्या दशकात मूग सिंथेसायझर मुंबईत आणला आणि सिनेमात वाजवला. परदेशी वाद्य आणायचं तर केवढी यातायात, आयात शुल्क, परवाने, ओळखीतलं कुणी बाहेर जाणार असेल त्याला सांगणं. तरी ही मंडळी आणायची. चरणजित सिंगही त्यातलेच.

ही तीन मशीन्स

त्यांनी सिंगापूरहून रोलँड या जपानी कंपनीची वाद्यं घेतली. रेकॉर्डवर त्यातली तीन वाजतात.

पहिला ज्युपिटर-८. हा सिंथेसायझर, म्हणजे तार किंवा हवा न वापरता विजेच्या कंपनांतून आवाज घडवणारा कीबोर्ड. १९८१ चं मॉडेल, त्या वेळचं एकदम वरचं आणि महाग.

दुसरं टीआर-८०८, हे तालाचं मशीन, १९८० मध्ये आलं. यातला ढोल, टाळी, झांज सगळं सर्किटमधून तयार होतं आणि खऱ्या ड्रमसारखं अजिबात वाजत नाही, त्यामुळे तेव्हा अनेकांनी नाक मुरडलं. तीन वर्षांत साधारण १२,००० विकून कंपनीने ते बंद केलं. आज ज्या गाण्यात छातीत घुमणारा खोल 'धूम' येतो तिथे बहुतेक वेळा याच मशीनचा वंशज असतो.

तिसरं, आणि आपल्या गोष्टीतलं सगळ्यात महत्त्वाचं, टीबी-३०३. चंदेरी प्लास्टिकचं डबडं, टेबलावर वहीच्या जागेत मावेल एवढं, बॅटरीवरही चालणारं. तादाओ किकुमोतो या इंजिनिअरने बनवलं. उद्देश साधा होता, एकट्या गिटारवाल्याला घरी सराव करताना बेस गिटारची, म्हणजे खालच्या जाड सुरांची, साथ मिळावी. ते काम या मशीनला जमलं नाही. आवाज बेस गिटारसारखा येतच नव्हता, रबर ताणून सोडल्यासारखा काहीतरी चिकट आवाज यायचा. साधारण १०,००० नग बनले आणि १९८४ ला उत्पादन थांबलं. गिटारवाल्यांनी ते विकून टाकलं, सेकंडहँड दुकानांत पडून राहिलं.

आता हे वाजवायचं कसं ते जरा जवळून बघू, कारण सगळी गंमत तिथेच आहे. ठिपक्यांची रांगोळी माहीत आहे ना, तिची एकच ओळ घ्या, १६ ठिपक्यांची. प्रत्येक ठिपक्यावर एक स्वर ठेवायचा किंवा ठिपका रिकामा सोडायचा, आणि मशीन डावीकडून उजवीकडे ती ओळ वाचत जातं, संपली की परत पहिल्या ठिपक्यावर. याला म्हणतात सिक्वेन्सर. ३०३ मध्ये त्रास असा की स्वर आणि त्यांची वेळ हे एकत्र भरता येत नाही. आधी नुसते स्वर एकामागून एक भरायचे, मग दुसऱ्या मोडमध्ये जाऊन कुठल्या ठिपक्यावर स्वर वाजेल, कुठे लांबेल, कुठे शांतता असेल ते भरायचं. म्हणजे चाल डोक्यात पूर्ण तयार पाहिजे, नाहीतर सगळं एका घराने सरकतं आणि भलतंच काही वाजायला लागतं. वर प्रत्येक स्वराला दोन गोष्टी जोडता येतात. एक जोर. आणि दुसरी स्लाइड, म्हणजे या स्वरावरून पुढच्यावर उडी न मारता घसरत जायचं. आपल्या भाषेत मींड.

वरच्या बाजूला सहा नॉब आहेत. त्यातला एक फिल्टरचा. फिल्टर काय करतो ते समजायला मशीनची गरज नाही. तोंडाने 'ऊऽऽ' म्हणा आणि सूर तोच ठेवून हळूहळू 'ईऽऽ' कडे जा. सूर बदलला नाही, पण आवाज आधी बंद, गोल होता तो उघडा आणि तीक्ष्ण झाला. हेच तो नॉब करतो. मशीन तीच ओळ फिरवत बसलंय आणि तुम्ही नॉब हळूहळू फिरवताय, तेव्हा जो कुंईं-वांव-कुंईं असा जिवंत, वळवळणारा आवाज येतो त्याला जगभर 'अ‍ॅसिड' म्हणतात. बाकी या लेखात अवघड शब्द नाहीत.

एका शहरात डिस्को गेलं, दुसऱ्यात आलं

अमेरिकेत डिस्कोची सद्दी १९७९ च्या सुमाराला संपली. त्या वर्षी १२ जुलैला शिकागोच्या कॉमिस्की पार्क या बेसबॉल स्टेडियममध्ये डिस्कोच्या रेकॉर्ड गोळा करून मैदानात स्फोटाने उडवल्या गेल्या, लोक मैदानात घुसले, दंगल झाली. बऱ्याच जणांनी नंतर म्हटलंय की या सगळ्या रागामागे काळ्या आणि समलिंगी लोकांच्या संगीताबद्दलचा तिटकाराही होता, आणि मला ते पटतं.

आपल्याकडे उलटं. १९८० ला 'कुर्बानी' तलं 'आप जैसा कोई' आलं, १९८१ ला नाझिया हसनचा 'डिस्को दीवाने', आणि १९८२ च्या शेवटी 'डिस्को डान्सर'. लग्न, गॅदरिंग, गणपतीचा मंडप, सगळीकडे डिस्को. स्टुडिओतल्या वादकांनाही दिवसभर तेच वाजवायचं होतं. तेव्हा चरणजित सिंग यांना वाटलं की डिस्को सगळेच करतायत तर त्यातच काही वेगळं करावं, राग वाजवावेत, खाली ठेका डिस्कोचा ठेवावा आणि तबला काढून टाकावा. अनेक वर्षांनी मुलाखतीत त्यांनी हे साधारण याच शब्दांत सांगितलं, त्यात काही क्रांती वगैरेचा आव नव्हता.

घरी बसून त्यांनी ही मशीन्स एकमेकांना जोडली. हे आज सोपं वाटेल, पण कुठल्याही कंपनीचं मशीन कुठल्याही मशीनला एका केबलने जोडायची सोय बाजारात आली तीच मुळी १९८३ मध्ये. त्याआधी ८०८ आणि ३०३ एकमेकांशी बोलायचे ते रोलँडच्या स्वतःच्या पद्धतीने आणि ज्युपिटरला तालाची खूण वेगळी पाठवायला लागायची. एकदा ते जुळलं की ताल, बेस आणि कीबोर्डची झरझर फिरणारी नक्षी तिन्ही एकाच घड्याळावर चालतात आणि वाजवणाऱ्याचा हात मोकळा राहतो, वर राग वाजवायला.

रेकॉर्ड काढली ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियाने, म्हणजे आपल्या एचएमव्हीनेच. नाव 'सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट'. भैरवी, ललित, भूपाळी, तोडी, मधुवंती, मेघ मल्हार, यमन, कलावती, मालकंस, बैरागी. प्रत्येकी पाच मिनिटांच्या आसपास. गाणारं कुणी नाही, फक्त भैरवीत मशीनमधून आल्यासारख्या आवाजात 'ओम नमः शिवाय' ऐकू येतं.

राग आणि मशीनचं इतकं जमलं कसं

माझ्या मते खरं संशोधन इथे आहे, आणि 'पहिलं कोण' या वादात नेमकं हेच हरवतं.

पाश्चात्त्य गाण्यात, आणि सिनेमाच्या गाण्यातही, खाली कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे तीन-चार स्वर, बदलत असतात. जमीनच सरकते आणि त्यावर चाल चालते. रागसंगीतात जमीन सरकत नाही. तानपुरा एकदा सुरू झाला की शेवटपर्यंत तोच षड्ज, आणि सगळं नाट्य त्या न हलणाऱ्या सा भोवती घडतं. कुठला स्वर आधी दाखवायचा, कुठल्यावर थांबायचं, कुठला हुलकावणी देऊन सोडायचा.

आता ३०३ कडे बघा. एकच १६ घरांची ओळ, पुन्हा पुन्हा, तीच. पॉप गाण्याला हे कंटाळवाणं वाटेल कारण कॉर्ड बदलल्या की ओळ पण बदलायला लागते. रागाला मात्र असाच न थकणारा, न हलणारा पाया पाहिजे असतो. म्हणजे मशीनमधली जी मर्यादा होती ती रागाच्या दृष्टीने मर्यादाच नव्हती. चरणजित सिंग यांना हे कळलं, आणि ते नुसतं योगायोगाने कळलेलं नाही, ज्याने आयुष्यभर एका बाजूला कॉर्डवाली गाणी वाजवली आणि दुसऱ्या बाजूला रागावर बेतलेली, त्यालाच हा फरक बोटांत जाणवणार.

रागांची निवड पण बघण्यासारखी आहे. दहापैकी भूपाळी, कलावती, मालकंस आणि बैरागी हे पाच स्वरांचे राग. कमी स्वर असले की १६ घरांत ओळ मोकळी बसते आणि दोन फेऱ्यांत राग ओळखू येतो. मालकंसात रे आणि प नाहीतच, त्यामुळे बेसलाइन सा, कोमल ग, म, कोमल ध, कोमल नी यांच्यात गरगरते आणि तो मध्यरात्रीचा गंभीरपणा मशीनच्या आवाजातही तसाच राहतो. याउलट ललित. त्यात पंचम म्हणजे प नाही आणि दोन्ही मध्यम, म्हणजे दोन्ही म, लागोपाठ येतात, शुद्ध आणि तीव्र. कीबोर्डवर शेजारशेजारच्या पट्ट्या. त्या दोन मध्यमांमधली ती अवघडलेली जागा सिंथेसायझरच्या घसरत्या आवाजात ऐकताना अंगावर काटा येतो, मला तरी दर वेळी येतो.

'पण हे खरे राग आहेत का?'

शास्त्रीय ऐकणाऱ्या मंडळींचा हा पहिला आक्षेप, आणि तो रास्त आहे. राग म्हणजे नुसते स्वर नव्हेत. चलन असतं म्हणजे स्वरांची ठरलेली चाल, श्रुती असतात म्हणजे पट्ट्यांच्या मधल्या बारीक जागा, आंदोलन असतं म्हणजे स्वराचं हळुवार झुलणं, आणि सावकाश होत जाणारी बढत असते, म्हणजे रागाचा विस्तार. तोडीतला कोमल गंधार जिथे लागतो ती जागा कीबोर्डच्या पट्टीवर नसते, त्या पट्टीच्या किंचित खाली असते. पाच मिनिटांत काय बढत होणार?

बरोबर. तोडी शिकायची असेल तर ही रेकॉर्ड कामाची नाही. पण हार्मोनियमवरही हाच आक्षेप होता, आकाशवाणीने ती कित्येक वर्षं बंद ठेवली होती, आणि तरी आज तिच्याशिवाय मैफल क्वचितच होते. चरणजित सिंग मैफल करत नव्हते. रागाची ओळख पटेल असे मुख्य स्वरसमूह घेऊन ते तानांच्या वेगाने पळवत होते. मींड जिथे शक्य आहे तिथे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरण्याची मशीनची सोय त्यांनी पुरेपूर वापरलीय, आणि त्यामुळे हाताने वाजवलेली वरची चाल आणि मशीनने वाजवलेला खालचा बेस दोघंही घसरत चालतात, एकाच घराण्यातले वाटतात. हे करायला राग माहीत असावा लागतो. नुसती सरगम वाचणाऱ्याला हे जमणार नाही.

'बटण दाबलं की वाजतं, त्यात कला कसली?'

हा दुसरा आक्षेप, आणि हा फक्त या रेकॉर्डवर नाही तर सगळ्याच इलेक्ट्रॉनिक संगीतावर घेतला जातो. दर गणपतीत डीजेच्या भिंतींवरून वाद होतो तेव्हा तर जास्तच. तिथला प्रश्न आवाजाच्या पातळीचा आहे, लोकांच्या कानांचा आणि म्हाताऱ्या माणसांच्या त्रासाचा आहे, आणि तो खरा आहे. पण त्यावरून हे संगीतच फुकटचं असं ठरवणं चुकीचं.

वर ३०३ मध्ये स्वर कसे भरतात ते सांगितलंच. बटण दाबल्यावर वाजतं ते तुम्ही आधी ठरवलेलं वाजतं. कुठला ठिपका रिकामा ठेवायचा हा निर्णय मशीन घेत नाही. शिवाय या रेकॉर्डवर वरचा सगळा राग एका माणसाच्या दोन हातांनी वाजवलाय, आणि तालमशीन कुणासाठी थांबत नाही. तबलजी गायकाकडे बघून जरा सांभाळून घेतो, समेला हसून मान हलवतो. ८०८ सांभाळून घेत नाही. तुम्ही चुकलात की चुकलात.

तिकडे शिकागोत

आता पाच वर्षं पुढे जाऊ. डिस्कोचं दिवाळं वाजल्यावर शिकागोत काही क्लबांनी ते सोडलं नव्हतं. वेअरहाऊस नावाच्या क्लबमध्ये फ्रँकी नकल्स १९७७ पासून रेकॉर्ड लावायचे, येणारे लोक मुख्यतः काळे आणि समलिंगी, आणि तिथे जुन्या डिस्कोवर तालमशीन चढवता चढवता जे घडत गेलं त्याला 'हाऊस' नाव पडलं. प्रत्येक मात्रेवर एक ठोका, धम धम धम धम, न थांबता.

तिथल्या तीन पोरांनी, डीजे पिएर, स्पँकी आणि हर्ब जे यांनी, फ्युचर नावाचा ग्रुप केला. त्यांना ३०३ मिळालं ते सेकंडहँड, स्वस्तातलं, कुणालाच नको असलेलं. मॅन्युअलप्रमाणे वाजवायच्या भानगडीत न पडता त्यांनी ओळ फिरत ठेवली आणि नॉब पिळत बसले. त्यातून 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' झाला, दहा मिनिटांपेक्षा लांब, ट्रॅक्स रेकॉर्ड्सने १९८७ ला काढला. त्याआधी रॉन हार्डी यांनी म्युझिक बॉक्स या क्लबमध्ये तो लावला तेव्हा पहिल्यांदा लोक नाचायचे थांबले, मग त्याच रात्री तोच परत परत लावला आणि चौथ्या वेळेला सगळा हॉल वेडा झाला, असं पिएर सांगतात. १९८८ पर्यंत हे इंग्लंडात पोचलं आणि मग सगळीकडे. त्या काळात पार्ट्यांमध्ये अमली पदार्थ होते, हे खरं आहे, पण म्हणून चरणजित सिंग यांच्या रेकॉर्डशी त्याचा संबंध जोडू नका, ती मुंबईत एका मध्यमवयीन वादकाने घरी बसवलेली रेकॉर्ड आहे.

मग पहिले कोण?

तारखा बघितल्या तर चरणजित सिंग पाच वर्षं आधी. त्यांच्याकडे तेच ३०३, तेच ८०८ च्या जातीचा ठेका, तीच फिरणारी ओळ. आज दोन्ही लागोपाठ ऐकलं तर नातं स्पष्ट कळतं.

पण संगीताचा प्रकार जन्माला येतो म्हणजे फक्त आवाज तयार होत नाही. कुणीतरी ते ऐकून दुसरं करावं लागतं, तिसऱ्याने त्यावर नाचावं लागतं, चौथ्याने त्याची नक्कल करावी लागते. शिकागोत ती साखळी होती, क्लब होते, डीजे होते, रेकॉर्ड काढणारी छोटी लेबलं होती. मुंबईची रेकॉर्ड शिकागोच्या पोरांनी ऐकली असण्याची काही खूण नाही. आणि ऐकताना अजून एक फरक जाणवतो, शिकागोत नॉब पिळणं हेच संगीत आहे, चाल नावालाही नाही. चरणजित सिंग यांच्याकडे रागाची चाल राजा आहे आणि ३०३ तिची साथ करतं. अ‍ॅसिड हाऊस शिकागोच्या काळ्या मुलांनी घडवलं, ते श्रेय त्यांचंच, ते ओढून घेण्यात आपली काही शान नाही. ३०३ वापरणारेही चरणजित सिंग एकटे नव्हते, स्कॉटलंडच्या ऑरेंज ज्यूस या बँडचं 'रिप इट अप' १९८३ ला इंग्लंडच्या पहिल्या दहात गेलं त्यातही ते वाजतं. तिथे मात्र ते गाण्याच्या मागे आहे. चरणजित सिंग यांनी अख्खी रेकॉर्ड या मशीन्सवर उभी केली, आणि तीही मशीन नवीन, पूर्ण किमतीला घेऊन, बाजारात ते पडणार की चालणार हे कुणाला माहीत नसताना.

एकच यंत्र दोन शहरांत दोन वेगळ्या कानांना मिळालं आणि दोघांनी कंपनीने न सांगितलेलं काहीतरी काढलं. मला यात भांडण दिसतच नाही.

गोव्याचं काय?

हे बरेच जण मिसळतात म्हणून थोडक्यात. गोवा ट्रान्स हा वेगळा प्रवाह. हणजूणच्या किनाऱ्यावर गोवा गिल यांच्यासारख्या परदेशातून येऊन राहिलेल्या डीजेंच्या पार्ट्यांतून तो वाढला आणि नव्वदच्या दशकात जगभर गेला. सनबर्न हे डान्स म्युझिकचं फेस्टिव्हल तर आणखी नंतरचं, २००७ ला कांदोळीत सुरू झालं, २०१६ ला पुण्यात आलं. चरणजित सिंग यांच्या रेकॉर्डमधून यातलं काहीच निघालेलं नाही.

इतकी चांगली तर चालली का नाही?

चालली नाही हे खरं. माझा अंदाज असा की तिला गिऱ्हाईकच नव्हतं. डिस्कोवाल्यांना गाणं पाहिजे होतं, शब्द, पडद्यावरचा हिरो. शास्त्रीयवाल्यांना कव्हरवरचा 'डिस्को' वाचूनच नको झालं असणार. आणि असं संगीत रात्रभर लावणारे क्लब मुंबईत नव्हते. चरणजित सिंग परत आपल्या कामाला लागले, लग्नसमारंभात, पार्ट्यांत वाजवत राहिले. रेकॉर्ड रद्दीच्या ढिगात गेली.

२००२ ला एडो बाउमान नावाचे डच संग्राहक दिल्लीत जुन्या रेकॉर्ड धुंडाळत होते, त्यांच्या हाती ही लागली. ऐकून ते चाट पडले. पुढे मुंबईत येऊन त्यांनी चरणजित सिंग यांना शोधलं, भेटले, आणि २०१० ला आपल्या बॉम्बे कनेक्शन या लेबलवर ती पुन्हा काढली. तेव्हा युरोपात अनेकांचा विश्वासच बसेना. काहींना वाटलं हा कुणीतरी आजच्या माणसाने जुन्याचं सोंग घेऊन केलेला बनाव आहे, एफेक्स ट्विन या इंग्रज संगीतकाराचं नाव घेतलं गेलं. हे वाचलं की मला वाईट वाटतं, खरं सांगायचं तर थोडा संतापही येतो. मुंबईचा सिनेमातला वादक असं करूच शकणार नाही, हे आधीच ठरवून टाकलेलं होतं. पण त्यांना तरी काय बोलायचं, आपणही तीस वर्षं हे नाव विसरलोच होतो.

मूळ रेकॉर्ड होती, रेकॉर्ड कंपनीचं लेबल होतं, माणूस जिवंत होता, त्यामुळे शंका मिटली. सत्तरी ओलांडलेले चरणजित सिंग युरोपात जाऊन स्टेजवर हेच राग वाजवून आले, समोर नातवांच्या वयाची पोरं नाचत होती. जुलै २०१५ मध्ये मुंबईत ते गेले.

ऐकायची असेल तर

रेकॉर्ड ऑनलाइन सहज सापडते. एक विनंती, मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका. त्यातून बेस येतच नाही, म्हणजे ३०३ आणि ८०८ चा ठोका दोन्ही गायब आणि उरतो तो फक्त वरचा कीबोर्ड, मग लोक म्हणतात यात काय विशेष. साधे हेडफोन पुरेत. पहिल्यांदा सगळ्या दहा ऐकायचा अट्टाहास पण करू नका, लागोपाठ ऐकल्या तर ठेका एकसारखा वाटतो आणि कान थकतो. ललित घ्या, नाहीतर मालकंस. पहिल्यांदा फक्त वरची चाल ऐका, दुसऱ्यांदा चाल सोडून द्या आणि खालच्या घसरणाऱ्या बेसवर लक्ष ठेवा, तो कुठल्या स्वरावर जोर देतो ते बघा. रागाची थोडी ओळख असेल तर वादी स्वर कुठे धरलाय तेही सापडेल. आणि मग लगेच 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' लावा.